गाठ साधी आहे, पण चेहऱ्याची नस नेमकी कुठंय?

मी एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे. मागच्या आठवड्यात एक काका बायकोच्या स्कॅनची सीडी घ्यायला आले होते. बायकोचं ऑपरेशन ठरलंय, कानाच्या आतल्या गाठीचं. स्क्रीनवर मी उघडलेलं चित्र त्यांना दिसलं आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "हा पिवळा दोरा म्हणजेच ती नस ना? मग आता दिसलीच की डॉक्टरांना, आता तोंड वाकडं व्हायचा प्रश्नच नाही." मला हो पण म्हणता येईना आणि नाही पण म्हणता येईना. टेक्निशियनने रिपोर्टवर बोलायचं नसतं, ते डॉक्टरांचं काम, म्हणून "डॉक्टर समजावतील काका" म्हणून मी मोकळी झाले. पण ते डोक्यात राहिलं, कारण तो पिवळा दोरा नस आहे पण आणि नाही पण, आणि हे घरच्यांना कोणी निवांत बसून सांगत नाही.

तर गाठीपासून सुरू करू. आपल्या कानाच्या आतल्या बाजूला कवटीच्या हाडात एक छोटा बोगदा असतो, लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, आणि त्यातून चार नसा एकमेकींना खेटून जातात, सकाळी आठच्या लोकलसारख्या. एक ऐकण्याची, दोन तोल सांभाळणाऱ्या आणि चौथी चेहऱ्याची, जिला डॉक्टर लोक सातवी नस म्हणतात कारण मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या यादीत तिचा नंबर सातवा. वायरवर प्लास्टिक असतं तसं तोल सांभाळणाऱ्या नसेवर आवरण असतं, त्या आवरणाच्या पेशी कधीकधी वाढायला लागतात आणि गाठ होते. तिचं नाव व्हेस्टिब्युलर श्वानोमा. जुन्या फायलींवर अजून अकॉस्टिक न्यूरोमा असंच लिहिलेलं असतं, आणि गंमत म्हणजे त्या नावातले दोन्ही शब्द चुकीचे आहेत, गाठ ऐकण्याच्या नसेवर झालेली नसते आणि ती न्यूरोमा, म्हणजे नसेच्या धाग्यांचीच गाठ, पण नसते. पण नाव एकदा पडलं की पडलं.

ही गाठ कॅन्सर नाही, शरीरात कुठं पसरत नाही. वाढते ती पण हळू, वर्षाला साधारण एखाद-दोन मिलिमीटर, कित्येकांची तर वर्षानुवर्षं आहे तेवढीच राहते. पेशंटची गोष्ट पण बहुतेक वेळा सारखीच असते, एका कानाने फोनवर नीट ऐकू येईना म्हणून फोन दुसऱ्या कानाला लावायची सवय लागली, कानात सारखी शिट्टी वाजल्यासारखं होतंय, चालताना थोडा तोल जातोय, आणि दोन-तीन वर्षं मळ असेल म्हणून थेंब टाकण्यात गेली. लहान गाठ असेल तर डॉक्टर नुसतं दर सहा महिन्यांनी, वर्षाने एमआरआय करून लक्ष ठेवतात, काहींना गॅमा नाईफचं रेडिएशन देतात. पण गाठ मोठी होऊन मेंदूच्या देठाला ढकलायला लागली की मग ऑपरेशन. आणि ऑपरेशन म्हटलं की सगळी भीती त्या चौथ्या नसेची, कारण तिचा बिचारीचा या गाठीशी काही संबंध नाही, फक्त शेजारी राहते एवढाच गुन्हा.

चेहरा हलवायचं काम या नसेचं. डोळा मिटणं, हसणं, शिट्टी मारणं, चूळ भरताना ओठ घट्ट धरणं, सगळं तिचं. (गालाला हात लावलेला कळणं हे वेगळ्या नसेचं, पाचव्या, त्यात गोंधळ करू नका.) ही दुखावली की त्या बाजूचा चेहरा लोंबतो, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळतो. दिसण्याचं दुःख तर असतंच पण खरा धोका डोळ्याला, पापणी पूर्ण मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडं पडतं, दिवसभर थेंब आणि रात्री टेप लावून झोपायचं. नस किती दुखावली हे मोजायला डॉक्टर एक ते सहा अशी ग्रेड देतात, १९८५ मध्ये हाऊस आणि ब्रॅकमन या दोन अमेरिकन कानाच्या डॉक्टरांनी नीट बसवलेली. एक म्हणजे नॉर्मल, सहा म्हणजे काहीच हलत नाही. ऑपरेशनच्या कागदावर "एचबी १" असं दिसलं तर ते हेच.

आता नस जाते कुठं? लहानपणी आपण फुग्यावर पेनने रेघ काढून मग फुगा फुगवायचो आठवतंय का? फुगा मोठा होत जातो तशी रेघ रुंद होते, फिकट होते, आणि एका टप्प्याला दिसेनाशी होते पण असते तिथंच. मोठ्या गाठीवर चेहऱ्याच्या नसेचं हेच होतं. मुळात ती एक-दोन मिलिमीटर जाडीची, बारीक शेवईएवढी समजा, आणि गाठ वाढताना ती गाठीच्या अंगावर ताणली जाऊन फितीसारखी चपटी होते, काही ठिकाणी तर नस कुठली आणि गाठीची साल कुठली हे मायक्रोस्कोपखाली पण पटकन कळत नाही. आणि एवढं होऊनही चेहरा मात्र ऑपरेशनच्या आधी बहुतेकांचा एकदम व्यवस्थित असतो! ऐकण्याची नस लवकर हार मानते, चेहऱ्याची नस कमालीची चिवट. म्हणून घरचे म्हणतात, तोंड तर नीट आहे, मग नस नीटच असणार. नीट आहे हो, पण कुठंय?

बहुतेक वेळा ती गाठीच्या पुढच्या बाजूला ढकललेली असते, कधी पुढून वर, कधी पुढून खाली. सर्जन बऱ्याचदा कानाच्या मागून शिरतात, म्हणजे त्यांच्या समोर येते ती गाठीची मागची बाजू आणि नस लपलेली असते पलीकडे, जी शेवटी दिसणार. गाठ आतून पोखरत पोखरत लहान करायची, मग साल हळूहळू सोडवायची आणि तेव्हा कुठं ती दिसते. पण क्वचित एखाद्या पेशंटमध्ये नस मागच्या बाजूला आलेली असते, म्हणजे सर्जन गाठीला पहिला हात लावणार तिथंच. तसं असेल तर ते आधी कळलेलं बरं की टेबलवर कळलेलं बरं, तुम्हीच सांगा.

शंभर वर्षांपूर्वी ही चर्चाच नव्हती, माणूस जगला तरी खूप. त्या काळात काही सर्जन ही गाठ चक्क बोटाने उकरून काढायचे. हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूच्या सर्जनने १९१७ मध्ये या गाठींवर पूर्ण पुस्तक लिहिलं आणि आतून गाठ पोखरून साल तशीच ठेवायची पद्धत रुजवली, त्याने मृत्यू खूप कमी झाले. मग १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसचे कानाचे सर्जन विल्यम हाऊस (वरच्या ग्रेडवाले हाऊस वेगळे) यांनी मायक्रोस्कोप आणि कानाच्या हाडातून जायचा रस्ता आणला, तेव्हापासून "जगला का" च्या जागी "चेहरा वाचला का" हा प्रश्न आला.

आता आमच्या मशीनकडे येते. साध्या एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिलं की गाठ पांढरीशुभ्र चमकते, तिथं काही प्रॉब्लेम नाही. नस बघायला वेगळा सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनची वेगळी सेटिंग, लावतो, एका कंपनीच्या मशीनवर त्याला सिस म्हणतात, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर फिएस्टा, काम साधारण तेच. त्यात मेंदूभोवतीचं पाणी एकदम पांढरं दिसतं आणि त्या पांढऱ्यावर नसा काळ्या बारीक रेघा म्हणून उमटतात, अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचं बारीक दिसतं. लहान गाठ असेल तर हे फार सुंदर चालतं. मोठ्या गाठीत मात्र पंचाईत, कारण गाठीने आजूबाजूचं पाणीच दाबून घालवलेलं असतं, मग पांढरा कागदच उरला नाही तर काळी रेघ दिसणार कशावर? आणि नस तर तिथंच, गाठीच्या अंगाला चिकटलेली.

म्हणून दुसरी युक्ती. नस बघायचीच नाही, नसेतलं पाणी कुठल्या दिशेने हलतंय ते मोजायचं. याला म्हणतात डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, आमच्याकडे नुसतं डीटीआय.

यातली कल्पना घरात करून बघता येते. थोडा मोकळा पिंजलेला कापूस घ्या आणि त्यावर शाईचा एक थेंब टाका, डाग गोल पसरेल. आता त्याच कापसाची समईसाठी वळतो तशी वात वळा आणि तिच्यावर थेंब टाका, आता डाग वातीच्या लांबीत धावेल, आडवा फारसा जाणार नाही. कापूस तोच, शाई तीच, फक्त धागे एका दिशेने लावलेत. शरीरातलं पाणी पण स्वस्थ बसत नाही, त्याचे रेणू सतत इकडेतिकडे धडका मारत फिरतात (याचं गणित आइनस्टाइनने १९०५ मध्ये मांडलं होतं), मशीन मोजतं तेवढ्या क्षणात साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं सरकतात. मेंदूभोवतीच्या मोकळ्या पाण्यात ते सगळीकडे सारखे सरकतात, गाठीत पण साधारण गोलच, पण नस म्हणजे हजारो बारीक धाग्यांची जुडी, वातच ती, तिथं पाणी लांबीतच जास्त सरकतं. १९९४ मध्ये अमेरिकेत बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहान यांनी हे दिशेचं माप एमआरआयमधून काढायची गणिती रीत दिली आणि डीटीआय तिथून सुरू झालं.

मशीन काय करतं तर एका दिशेने चुंबकाचा झटका देतं आणि बघतं की त्या दिशेत पाणी किती सरकलं. मग दुसरी दिशा, तिसरी, कमीत कमी सहा लागतात पण प्रत्यक्षात तीस किंवा साठ पण घेतात. त्यातून प्रत्येक ठिपक्याला दोन गोष्टी मिळतात, पाणी मुख्य कुठल्या दिशेने जातंय, आणि किती एकदिश आहे, त्याला शून्य ते एक मधला एक आकडा. शून्य म्हणजे मोकळा कापूस, एक म्हणजे पक्की वात. मग कॉम्प्युटरवर रेडिओलॉजिस्ट डॉक्टर दोन जागा निवडतात जिथं नस नक्की असणारच, एक कानाच्या बोगद्यातली आणि एक मेंदूच्या देठाजवळची, आणि सॉफ्टवेअरला सांगतात की या ठिपक्यापासून निघ, ज्या दिशेने पाणी जातंय त्या दिशेने पुढच्या ठिपक्यात जा, मग त्याच्या पुढच्या, असं करत दुसऱ्या टोकाला पोचतोस का बघ. पोचला तर ती वाट म्हणजे आपला दोरा. ट्रॅक्टोग्राफी म्हणतात ती हीच. चेहऱ्याच्या नसेवर जपानी डॉक्टरांच्या टीमने २००६ मध्ये हे करून दाखवलं, जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या टीमने २०११ मध्ये मोठ्या गाठींच्या २२ पेशंटवर करून पाहिलं, आणि ऑपरेशनमध्ये नस सापडली तिच्याशी ताडून बघितलं तर बहुतेक वेळा जागा जुळली. २०१८ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, साधारण ९० टक्के पेशंटमध्ये दोरा आणि प्रत्यक्ष नस एकाच बाजूला निघाली.

नव्वद टक्के म्हणजे चांगलंच की, असं वाटतं. चांगलंच आहे. पण काकांना जे सांगायचं राहिलं ते हे, की दोरा पिवळा आहे कारण आम्ही पिवळा रंग निवडला. त्याची जाडी पण सॉफ्टवेअरमध्ये आम्हीच ठरवली, नस तेवढी जाड आहे म्हणून नाही तर स्क्रीनवर नीट दिसावी म्हणून. तो नसेचा फोटो नाही, पाण्याच्या हालचालीवरून काढलेला अंदाज आहे, फार हुशार अंदाज, पण अंदाज. पुण्याहून नाशिकला जाणारी बस कुठल्या रस्त्याने गेली असेल हे वाटेतल्या टोलच्या पावत्यांवरून सांगावं तसं, बहुतेक वेळा बरोबर येतं, पण बस कोणी पाहिलेली नसते.

आणि चुकायला जागा भरपूर. चौकटीची वही डोळ्यासमोर आणा. डीटीआयची एक चौकट साधारण दोन मिलिमीटरची आणि नस त्याहून बारीक, वर गाठीवर चपटी झालेली, म्हणजे एका चौकटीत थोडी नस, थोडी गाठ, थोडं पाणी असं सगळं मिसळलेलं, आणि मशीन देणार सगळ्याची सरासरी. भेळेतला एक शेंगदाणा चवीवरून शोधायचा तसला प्रकार. दुसरं म्हणजे ऐकण्याची नस अगदी शेजारून त्याच दिशेला जाते, सॉफ्टवेअर तिचा रस्ता पकडून "सापडली सापडली" करत बसतं, तेव्हा बघणाऱ्या डॉक्टरांचा अनुभवच कामाला येतो. तिसरं, कानामागचं हाड हवेच्या पोकळ्यांनी भरलेलं असतं आणि हवा-हाड जिथं भेटतात तिथं हे चित्र जत्रेतल्या आरशासारखं ताणलं जातं. त्याच्यावर उपाय आहेत, उलट सुलट दिशेने दोनदा स्कॅन घेऊन कॉम्प्युटरवर सरळ करता येतं, पण पूर्ण जात नाही. आणि "एकदिश" चा आकडा किती धरायचा हे पण माणूसच ठरवतो, आकडा जास्त धरला तर दोरा मधेच तुटतो, कमी धरला तर नको तिथून भलतेच दोरे फुटतात. एकाच पेशंटचा डेटा दोन वेगळ्या लोकांना दिला तर दोन दोरे थोडे वेगळे निघू शकतात, हे मला तरी पेशंटपासून लपवण्यासारखं वाटत नाही.

मग उपयोग काय? उपयोग आहे, आणि मोठा आहे, फक्त जागा वेगळी. सर्जनला नस अर्ध्या मिलिमीटरवर कुठं आहे हे या चित्रातून नको असतं, त्यांना हवं असतं की पुढे आहे की मागे, वर की खाली, म्हणजे कुठल्या बाजूने बिनधास्त पोखरायला सुरू करायचं आणि कुठं गेल्यावर हात हळू करायचा. नस भलत्या बाजूला दिसली तर आधीच प्लॅन बदलतो, पेशंटशी पण स्पष्ट बोलता येतं की सगळी गाठ काढायचा हट्ट करू नका, नसेला चिकटलेला पापुद्रा ठेवू आणि लक्ष ठेवू, वाढला तर रेडिएशन. पूर्वी हे बोलणं ऑपरेशननंतर व्हायचं.

आणि शेवटचा शब्द टेबलवरच. पेशंटला भूल दिल्यावर डोळ्याजवळच्या आणि ओठाजवळच्या स्नायूंत बारीक सुया लावतात, सर्जनच्या हातात एक छोटी विजेची काडी असते, तिने संशयाच्या जागी अगदी हलका करंट द्यायचा, तिथं चेहऱ्याची नस असेल तर गालाचा स्नायू उडतो आणि स्पीकरमधून टक टक आवाज येतो. म्हणून भूलतज्ज्ञ पण स्नायू पूर्ण ढिले करणारं औषध चालू ठेवत नाहीत, नाहीतर नस ओरडून सांगेल आणि स्नायू ऐकणारच नाही. ९० टक्के वगैरे आकडे पण याच काडीच्या साक्षीवर ठरलेले. म्हणजे एमआरआय सांगतो कुठल्या गल्लीत जा, दार ही काडी दाखवते.

हाच प्रश्न अजून एका साध्या गाठीत येतो, आणि ती जास्त लोकांनी पाहिलेली असते. कानाच्या पाळीच्या पुढे-खाली जी लाळेची ग्रंथी आहे, गालगुंड झाले की सुजते तीच, तिच्यात गाठ येते. यातल्या दहापैकी साधारण आठ साध्या असतात. पण चेहऱ्याची नस कानाच्या खालून हाडातून बाहेर पडते ती थेट या ग्रंथीच्या पोटात शिरते आणि आत बदकाच्या पायासारखी फुटून पाच फांद्या होतात, कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ, मान. नुसती गाठ उकरून काढू म्हटलं तर यातली सगळ्यात कॉमन गाठ पुन्हा येते, म्हणून भोवतीची ग्रंथी पण काढावी लागते, आणि मग नस आलीच. इथं भोवती पाणी नाही, चरबी आहे, त्यामुळं कानातली युक्ती चालत नाही. बरीच वर्षं डॉक्टर त्या ग्रंथीतली एक रक्ताची शीर बघून अंदाज बांधायचे की नस हिच्याच जवळपास बाहेरच्या अंगाला असणार. आता गालावर सिग्नल पकडणारी छोटी कॉइल ठेवून, चरबीचा सिग्नल दाबून, पातळ पातळ काप घेतले तर नसेचं खोड आणि पहिली फूट बऱ्याच जणांत थेट दिसते. पुढच्या बारीक फांद्या मात्र अजून नीट दिसत नाहीत, त्या सर्जनलाच शोधायच्या.

जाता जाता कामाचं. या स्कॅनला नेहमीपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि डीटीआय चालू झालं की मशीन नुसतं ठकठक करत नाही, टेबल पण थरथरतं, मोटरसायकलवर झोपवल्यासारखं. ते नॉर्मल आहे, घाबरून मान हलवू नका, कारण आपण मिलिमीटर शोधतोय आणि एका खोकल्यात दोन मिलिमीटर जातात. मंगळसूत्र, नथ, जोडवी घरीच काढून या. जोडवी काढायला बायका तयार नसतात हे मला माहितीये, माझी आई पण नसायची, पण आधी माहीत असेल तर निदान साबण लावून निघतात, इथं ऐनवेळी निघत नाहीत. शरीरात पेसमेकर, कानातलं मशीन, क्लिप काही असेल तर आधी सांगा, आणि किडनीचा त्रास असेल तर कॉन्ट्रास्टच्या आधी सांगा. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर "नस दिसली का" असं विचारू नका, "नस गाठीच्या कुठल्या बाजूला असेल आणि तुम्हाला किती खात्री वाटते" असं विचारा.

आणि दुसऱ्या हॉस्पिटलला दाखवायला जाताना सीडी न्या. फिल्म नाही, सीडी. फिल्मवर चार चित्रं छापलेली असतात, दोरा काढायला लागणारी सगळी दिशांची मापं सीडीतच असतात, आणि केंद्राला आधी सांगून ठेवा की डीटीआयचा कच्चा डेटा पण त्यात भरा, कारण नेहमी भरतातच असं नाही. काकांना मी तेवढं मात्र नीट सांगितलं. तरी परवा त्यांच्या मुलाने फिल्म खिडकीला धरून काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला, मागे समोरच्या बिल्डिंगची बाल्कनी आणि वाळत घातलेले कपडे, आणि खाली मेसेज, "मॅडम यात नस कुठली?"